वणवा विझतो, मनातली धग राहते : जंगलाची आग विझवणाऱ्यांचे मानसिक आरोग्य आणि सोबत्यांचा आधार



'वणवा' हा शब्द आपल्या पाठ्यपुस्तकात पर्यावरणाच्या धड्यात येतो. वणव्याची कारणे, वणव्याचे परिणाम, वणवा टाळण्याचे उपाय. मुलं पाच मुद्दे पाठ करतात, पाच गुण मिळतात, धडा संपतो. पण वणवा विझवतं कोण? त्या माणसाचं पुढे काय होतं? तो घरी येतो तेव्हा कसा असतो? हा प्रश्न धड्यात नसतो. आज आपण त्यावर बोलू या.

आपल्या शेगावात बसून हा विषय लांबचा वाटेल. सपाट जमीन, कपाशी, सोयाबीन, इथं कुठला वणवा? पण खामगाव ओलांडून बोथ्याच्या घाटाकडे गेलं की ज्ञानगंगा अभयारण्य सुरू होतं. डिसेंबर २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला 'वॉकर' वाघ याच जंगलात थांबला होता. मुलांना ही गोष्ट फार आवडते. उत्तरेला संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत अंबाबरवा अभयारण्य आहे आणि त्याला लागून मेळघाट. म्हणजे आपल्या दोन्ही बाजूंना जंगल आहे. त्या जंगलात उन्हाळाभर आगीवर नजर ठेवणारी माणसं आपल्याच जिल्ह्यातली आहेत आणि त्यांची मुलं आपल्याच शाळांमध्ये शिकतात.

वणव्याचा हंगाम म्हणजे काय?

महाराष्ट्रात साधारण १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम मानला जातो. आपलं जंगल पानझडीचं आहे. साग, सालई, तेंदू, पळस यांची पानं उन्हाळ्यात गळतात आणि जमिनीवर वाळलेल्या पाल्याचा थर साचतो. वर ४४-४५ अंशांचं ऊन. अशा वेळी एक ठिणगी पुरते.

ठिणगी येते कुठून? बहुतेक वेळा माणसाकडून. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळला जातो. तेंदूला नवी पालवी फुटावी किंवा पावसाळ्यात गवत चांगलं यावं, या समजुतीने आग लावली जाते. कोणी विडीचं थोटूक टाकतो. शेताचा धुरा पेटवला की आग जंगलात शिरते.

वनविभाग हिवाळ्यातच 'जाळरेषा' तयार करतो. जाळरेषा म्हणजे काय, तर जंगलात ठरावीक रुंदीचा पट्टा साफ करून, त्यावरचा पाला आधीच जाळून टाकायचा. आग तिथपर्यंत आली की तिला खायला काही उरत नाही. भारतीय वन सर्वेक्षण ही देहरादूनची संस्था उपग्रहावरून आगीची जागा शोधते आणि तिचा संदेश वनरक्षकाच्या मोबाइलवर येतो.

संदेश आल्यावर मात्र उपग्रहाचं काम संपतं आणि माणसाचं सुरू होतं. आपल्या डोंगरात पाण्याचा बंब चढत नाही. वनरक्षक, वनमजूर आणि हंगामापुरते रोजंदारीवर घेतलेले फायर वॉचर पायी चालत जातात. हातात हिरव्या फांद्या असतात, कुठे कुठे पाठीवर पानं उडवणारं ब्लोअर यंत्र. आगीच्या कडेने चालत, पाला बाजूला करत, ज्वाळा झोडपत जायचं. कधी चार तास, कधी रात्रभर. वारा फिरला की आग फिरते, हे प्रत्येकाला माहीत असतं.

हे काम किती जोखमीचं आहे?

८ एप्रिल २०२१ रोजी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आग विझवताना तीन हंगामी वनमजूर मृत्युमुखी पडले, दोन जखमी झाले. १३ जून २०२४ रोजी उत्तराखंडात अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले चार जण जागीच गेले. अमेरिकेत ३० जून २०१३ रोजी ॲरिझोना राज्यात यार्नेल हिल इथल्या वणव्यात एकाच तुकडीतले १९ जवान गेले.

या बातम्या आपण वाचतो, हळहळतो. पण आता जरा वेगळा हिशेब मांडू या. त्या दिवशी जे वाचले, त्यांचं काय? नागझिऱ्यात त्याच डोंगरावर आणखी माणसं होती. यार्नेलला त्या दिवशी कामावर असलेल्या २० जणांच्या तुकडीतला एकच वाचला. ब्रेंडन मॅकडोनो हे त्याचं नाव. तो टेहळणीच्या जागेवर होता म्हणून बचावला. आपले सगळे सोबती गेले आणि आपण राहिलो, या विचाराने त्याला पुढे किती छळलं, हे त्याने नंतर उघडपणे सांगितलं. अंगावर एकही भाजल्याची खूण नसलेला माणूससुद्धा आगीत होरपळलेला असू शकतो, हे त्याच्या बोलण्यातून जगाला कळलं.

मनावर नेमकं काय होतं?

आपल्याकडे मनाचा त्रास म्हटलं की लोक एकदम 'वेड' या शब्दावर जातात. तसं नाही. सोप्या शब्दांत समजून घेऊ.

१. शरीर सावधच राहतं. संकटात हृदयाची धडधड वाढते, कान टवकारतात, झोप उडते. जीव वाचवण्यासाठी ही व्यवस्था आहे. आग विझली तरी हे लगेच बंद होत नाही. चुलीचा धूर आला, दिवाळीत फटाका वाजला तरी माणूस दचकतो.

२. दृश्यं परत येतात. होरपळलेलं हरणाचं पाडस, जळालेली घरटी, सोबत्याची हाक. जागेपणी डोळ्यांसमोर येतात किंवा झोपेत.

३. अपराधी वाटतं. 'मी दहा मिनिटं आधी पोचलो असतो तर', 'त्याला मीच त्या बाजूला पाठवलं होतं.' हिशेब चुकीचा असला तरी मन तो मांडतच राहतं.

४. आपल्याच माणसांशी वाकडं येतं. ही गोष्ट आपल्या भागात विशेष आहे. फायर वॉचर त्याच गावचा असतो. आग लावणारा कधी त्याच्या भावकीतला, कधी शेजारचा. नाव सांगितलं तर गाव तुटतं, न सांगितलं तर नोकरीत बोलणी खावी लागतात. रात्रभर आग विझवून सकाळी त्याच पारावर त्याच माणसांसोबत बसायचं. हा ताण कुठल्या नोंदवहीत लिहिला जात नाही.

५. त्रास दुसऱ्या वाटेने बाहेर पडतो. चिडचिड, अबोला, दारू, मुलांवर हात उगारणं, कामात लक्ष न लागणं.

मोठ्या प्रसंगानंतर पहिले काही दिवस, काही आठवडे असं होणं स्वाभाविक आहे. बहुतेकांचं ते हळूहळू कमी होतं. महिना उलटला तरी कमी झालं नाही किंवा वाढत गेलं, तर डॉक्टरांची मदत घ्यायलाच हवी. ताप तीन दिवसांत उतरला नाही तर आपण रक्त तपासतो ना, तसंच हे.

आणखी एक लक्षात घ्या. हा त्रास बऱ्याचदा हंगामात दिसत नाही. हंगामात काम असतं, सोबती असतात, धावपळ असते. मृग लागतो, पाऊस पडतो, हंगामी मजुरांचं काम थांबतं आणि सगळे आपापल्या शेताकडे पांगतात. रात्र शांत होते आणि मग मन बोलायला लागतं. अमेरिकेतल्या वणवा विझवणाऱ्या तुकड्यांचाही हाच अनुभव आहे : उन्हाळाभर एकत्र राहिलेली माणसं हंगाम संपल्यावर एकेकटी पडतात आणि खरी अडचण तेव्हा सुरू होते. म्हणजे ज्या दिवसांत आधाराची गरज जास्त, त्याच दिवसांत आधार देणारे सोबती जवळ नसतात. आपल्याकडे नेमके तेच दिवस शाळा सुरू होण्याचे असतात.

सोबत्यांचा आधार म्हणजे काय?

असा माणूस मदत का मागत नाही? कारण त्याला वाटतं, 'ज्यानं आग पाहिली नाही त्याला काय सांगायचं?' साहेबाला सांगितलं तर 'हा कमजोर आहे' असा शिक्का बसेल. बायकोला सांगितलं तर ती उद्या कामावर जाऊ देणार नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं : "काही नाही रे बाप्पा, चाललंय."

पण सोबतच्या माणसाला हे उत्तर फसवू शकत नाही. त्याने तोच धूर प्यायलेला असतो. इथूनच सोबत्यांच्या आधाराची कल्पना पुढे आली. अग्निशमन दल, पोलीस, वणवा विझवणाऱ्या तुकड्या यांमध्ये अनेक देशांत आता ही रीत आहे. तिचे नियम साधे आहेत :

- आधार देणारा माणूस त्याच कामातला असतो. शक्यतो त्याला सहकाऱ्यांनीच निवडलेलं असतं. 'हा ऐकून घेतो आणि चारचौघांत बोलत नाही' अशी त्याची ख्याती असावी लागते.
- त्याला थोडं प्रशिक्षण दिलं जातं. तो डॉक्टर होत नाही, औषध सांगत नाही. ऐकणं, धोक्याची खूण ओळखणं आणि योग्य जागी पोचवणं, एवढंच त्याचं काम.
- सांगितलेली गोष्ट त्याच्यापाशीच राहते. अपवाद एकच : कोणाच्या जिवाला धोका असेल, मग तो बोलणाऱ्याच्या स्वतःच्या असो की दुसऱ्याच्या, तर गप्प राहायचं नाही. आणि हे त्याने आधीच सांगून ठेवायचं.
- आधार देणाऱ्यालाही आधार लागतो. दहा जणांचं ओझं एकट्याने वाहिलं तर तोही वाकेल.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची एक मार्गदर्शिका काढली. तिचं सार तीन शब्दांत आहे : पाहा, ऐका, जोडा. कोण जास्त हादरलंय ते पाहा. तो सांगेल तेवढं ऐका. आणि त्याला घरच्यांशी, मदतीशी, उपचाराशी जोडून द्या.

बळजबरीने बोलतं करायचं का?

इथे एक मोठा गैरसमज आहे, आणि आपण शिक्षकही त्यात सापडतो. 'मन मोकळं कर, सगळं सांगून टाक' असा आग्रह आपण धरतो. एके काळी परदेशातही दुर्घटनेनंतर सगळ्यांना एका खोलीत बसवून काय पाहिलं, काय वाटलं हे सांगायला लावायची पद्धत होती. पुढे तिचा अभ्यास झाला. अशा एकाच बैठकीने नंतरचा त्रास टळत नाही, काहींना उलट जास्त होतो, असं दिसून आलं. जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत वापरू नये असंच सांगितलं.

मग सोबत्यांचा आधार वेगळा कसा? तो एका दिवसाचा कार्यक्रम नसतो. तो रोजचा असतो. आपल्या शेगावहून पंढरपूरला पायी जाणारी पालखी आठवा. महिनाभर चालताना दिंडीतल्या कोणाच्या पायाला फोड आले, कोण आज जेवला नाही, कोण मागे पडला, हे बाजूच्याला आपोआप कळतं. तो प्रश्नांची सरबत्ती करत नाही. पाण्याचा तांब्या पुढे करतो, चाल थोडी कमी करतो. बोलायचं असेल तर वाट लांब आहे. सोबत्याचा आधार साधारण असाच चालतो.

आपल्याकडे हे जमेल का?

'हे सगळं अमेरिकेत ठीक आहे' असं कोणी म्हणेल. तर विदर्भातलंच उदाहरण घ्या. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांमध्ये 'विश्राम' नावाचा एक उपक्रम राबवला गेला. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर गावातल्याच साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशनाचं काम दिलं. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीला नैराश्य असलेल्या दर १०० जणांपैकी साधारण ४ जण मदत घेत होते. १८ महिन्यांनंतर ते प्रमाण २७ वर गेलं. डॉक्टरांची फौज न आणता, गावच्याच माणसांच्या बळावर हे घडलं. जे कपाशीच्या गावात जमलं ते जंगलाच्या गावातही जमू शकतं.

पण एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सोबत्यांचा आधार हा व्यवस्थेच्या जबाबदारीला पर्याय नाही. मार्च २०२१ मध्ये मेळघाटातील हरिसाल इथल्या एका महिला वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याने जीवन संपवलं. कामाच्या ठिकाणी वरिष्ठांकडून मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न तेव्हा राज्यभर चर्चेला आला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी नागझिऱ्याची आग लागली. एकाच हंगामातल्या या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. जंगल राखणाऱ्याला धोका फक्त ज्वाळांचा नसतो. वेळेवर मजुरी, विमा, चांगले बूट, पुरेसं पाणी, विश्रांती, तक्रार ऐकून घेणारी यंत्रणा आणि माणसासारखी वागणूक, हे सगळं मानसिक आरोग्यातच मोडतं. हे नसताना नुसतं 'एकमेकांशी बोला' म्हणणं म्हणजे जखमेवर फुंकर घालून घरी पाठवणं.

शिक्षकांनी काय करावं?

१. आपल्या वर्गात कोणाचे आईवडील जंगलात काम करतात हे माहीत करून घ्या. वनरक्षक, वनमजूर, फायर वॉचर, तेंदू-मोह वेचणारे, सगळेच आले.

२. मार्च ते ऑगस्ट या काळात अशा मुलात बदल दिसला तर नोंद घ्या : वर्गात झोपणं, अचानक गप्प होणं, मारामारी, चित्रांत सतत आग काढणं. 'अभ्यास का नाही केला?' याआधी 'रात्री झोप लागली का?' हे विचारा.

३. चारचौघांत विचारू नका. मुलाने सांगितलं तर ऐका, त्याची गोष्ट स्टाफरूममध्ये सांगू नका. मात्र मुलाला मार बसतोय किंवा जिवाला धोका आहे असं दिसलं तर गप्प बसणं चूक आहे. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे.

४. ११ सप्टेंबर हा राष्ट्रीय वन शहीद दिन. १७३० मध्ये राजस्थानातील खेजडली इथे झाडं वाचवताना ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी प्राण दिले, त्यांची ही आठवण. या दिवशी शाळेत वनरक्षकांना बोलवा. भाषण नको, मुलांना प्रश्न विचारू द्या. 'तुम्हाला भीती वाटते का?' हा प्रश्न एखादं मूल हमखास विचारेल. त्याचं खरं उत्तर मिळू द्या.

५. वर्गात 'सोबती जोडी' करून पाहा. महिनाभर दोघादोघांनी एकमेकांची एवढीच काळजी घ्यायची : आज आला का, जेवला का, गप्प का आहे. महिन्याने जोडी बदलायची.

पालकांनी काय करावं?

घरातलं माणूस आगीवरून आलं की आधी पाणी, आंघोळ, जेवण, झोप. प्रश्न नंतर. 'एवढं काय त्यात?' किंवा 'पुरुषासारखा पुरुष आणि रडतोस?' ही वाक्यं घरातून हद्दपार करा. त्याऐवजी, 'सांगावंसं वाटलं तर मी आहे' एवढं पुरे. मुलांपासून सगळं लपवू नका. 'बाबा दमलेत, त्यांनी वाईट आग पाहिली, तुझ्यावर राग नाही' असं सांगितलं की मुलाच्या मनावरचं ओझं उतरतं. नाहीतर मूल समजतं की चूक आपलीच.

झोप महिनाभर उडालेली असेल, दारू वाढत असेल, 'मी नसतो तर बरं' अशी भाषा कानावर आली, तर वाट पाहू नका. केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून सरकारी दवाखान्यातही उपचार मिळतात. जीव देण्याचा विचार मनात येणं हा गुन्हा नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाकडे उपचाराची गरज असलेली व्यक्ती म्हणून पाहायला सांगितलं आहे. म्हणून 'पोलिसांचं लफडं होईल' या भीतीने कोणी दवाखाना टाळू नये.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

- जाळरेषा आग कशी अडवते? चित्र काढून दाखवा.
- आग लावणारा आपल्याच गावचा निघाला, तर फायर वॉचरने काय करावं? दोन्ही बाजूंनी विचार करा.
- तुमचा मित्र आठ दिवस गप्प आहे. 'पाहा, ऐका, जोडा' यातली प्रत्येक पायरी तुम्ही कशी कराल?
- गावात कोणती कामं अशी आहेत, ज्यांत माणूस दमतो पण ते कोणाला दिसत नाही?

शेवटचा प्रश्न मुलांना जरूर सोडवायला द्या. वणव्यापासून सुरुवात करून मुलं ॲम्ब्युलन्सच्या चालकापर्यंत, सफाई कामगारापर्यंत, आशाताईपर्यंत आणि कदाचित स्वतःच्या आईपर्यंत पोचतील.

मित्रहो, जाळरेषा आग लागण्याच्या आधी आखावी लागते. आग लागल्यावर ती आखायला वेळ मिळत नाही. माणसांमधल्या सोबतीचंही तसंच आहे. येत्या हंगामाआधी आपल्या शाळेच्या परिसरात जंगलात काम करणारी किती कुटुंबं आहेत, याची एक साधी यादी करा आणि पुढच्या पालकसभेत हा विषय दहा मिनिटं घ्या. काय अनुभव आला ते इतर शिक्षकांनाही जरूर सांगा.